पाटाच्या कडेनं सायकल : वणीच्या आसपासचे बिनगर्दीचे रस्ते

हेडफोन लावून राइडवर ऐकत असाल तर आधी एक कान मोकळा करा. मागची गाडी ऐकू आली पाहिजे. आणि हा भाग वाचत असाल, तर बसा निवांत.

गेले काही महिने एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. 'ताई, सायकल घेतली, पण चालवायची कुठे?' कोणी नाशिकमधून विचारतं, कोणी पिंपळगावमधून, कोणी दिंडोरीतून. सायकल आहे, हेल्मेट आहे, सकाळी उठायची तयारीही आहे. अडतं कुठे, तर रस्त्यावर. मोठ्या रस्त्यावर ट्रक अंगावरून गेल्यासारखा जातो आणि घरचे म्हणतात, 'नको ते, त्यापेक्षा जिमला जा.'

मी वणीची. आज मी तुम्हाला आमच्याकडचं उत्तर सांगणार आहे. ते उत्तर म्हणजे पाट. कॅनॉल म्हणा, कालवा म्हणा. आमच्याकडे म्हातारी माणसं 'पाट' म्हणतात, सरकारी बोर्डावर 'कालवा' असतो आणि पोरं 'कॅनॉल' म्हणतात. तिन्ही एकच. त्याच्या कडेनं जो रस्ता जातो त्याच्यावर, आणि त्याला जोडणाऱ्या चढउताराच्या छोट्या गावरस्त्यांवर सायकल कशी चालवायची, हा आजचा विषय.

आधी मोठ्या रस्त्याबद्दल थोडं. वणी हे पहिल्यापासून वाटेवरचं गाव आहे. गुजरातेतून सापुताऱ्याकडून वर आलं की दख्खनच्या पठारावर उतरायची जी वाट, तिच्यावर आपण बसलोय. १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेची दुसरी मोहीम आटोपून परतत होते, तेव्हा मुघल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती याच पट्ट्यात. इतिहासात तिला वणी-दिंडोरीची लढाई म्हणतात. सुरतेहून माल घेऊन निघालेल्या माणसाला सातमाळा ओलांडून इकडेच यावं लागतं. तेव्हा घोडे आणि बैल होते, आता कांद्याचे ट्रक, टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले पिकअप आणि गुजरातच्या बस आहेत. वर सप्तशृंगी गड. नवरात्रात आणि चैत्रात गडाकडे जाणारे सगळे रस्ते माणसांनी आणि गाड्यांनी फुललेले असतात. त्यामुळे 'वणीसारख्या गावात कसलं ट्रॅफिक' असं कोणी म्हटलं, तर त्याला सकाळी नऊ वाजता सापुतारा-पिंपळगाव रस्त्यावर उभं करा.

एक आकडा सांगते, घाबरवायला नाही, निर्णय घ्यायला. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातले साधारण ६० टक्के मृत्यू राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर झाले. आणि हे महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या किती? जेमतेम ५ टक्के. म्हणजे बाकीच्या ९५ टक्के रस्त्यांवर ४० टक्के मृत्यू. माझ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. सायकलवाल्यानं सगळ्यात मोठी सुरक्षेची गोष्ट कोणती करावी, तर हायवे सोडावा. हेल्मेट, लाइट, चमकणारं जॅकेट, सगळं घालाच. पण ते नंतर.

आता पाट म्हणजे नेमकं काय, हे समजून घेऊ. कारण तो समजला की तिथली राइडही समजते.

युरोपात कालव्याच्या काठानं सायकल चालवणं ही फार जुनी हौस आहे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात खोदलेला कनाल द्यु मिदी २४० किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या काठानं लोक दिवसच्या दिवस सायकल मारतात. इंग्लंडमध्येही तसंच. पण तिकडचे बरेच कालवे बोटींसाठी होते. बोट ओढायला घोडा लागायचा, घोड्याला चालायला काठानं वाट लागायची. घोडे गेले, वाट राहिली, सायकली आल्या.

आपला पाट बोटीसाठी नाही. तो पिकासाठी. धरणातून पाणी सोडायचं आणि पंप न लावता, नुसत्या उतारानं, ते लांबच्या शेतापर्यंत न्यायचं. मग काठानं रस्ता कशाला? देखरेखीला. पाटकरी, कारकून, इंजिनिअर यांनी फिरून बघायचं की कुठे गळतंय, कुठे फुटलंय, कोणी गेट उघडलंय का. म्हणून पाटाच्या एका अंगाला जीप जाईल एवढी मुरमाची वाट असते.

आणि इथे सायकलवाल्याच्या फायद्याची गोष्ट येते. पाणी चढ चढत नाही. त्यामुळे पाट खोदणाऱ्यांना डोंगराच्या अंगानं, जवळजवळ एकाच उंचीवरून जावं लागतं. मुख्य कालव्याचा उतार इतका कमी ठेवतात, की तीन-चार हजार मीटर चालून गेलात तेव्हा कुठे तो एखाद मीटर उतरतो. आपल्या पायाला तो उतार कळतसुद्धा नाही. समोर टेकाड आलं, की गाडीरस्ता सरळ चढतो आणि पलीकडे उतरतो. पाट मात्र टेकाडाला वळसा घालतो. मध्ये ओढा आला तर जलसेतूवरून, म्हणजे पाण्याच्या पुलावरून, पलीकडे जातो. आमच्या भागात जमीन अशी लाटांसारखी वरखाली आहे, पण त्या लाटांमधून जाणारा पाटाचा रस्ता सपाट. आज सायकल शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं मैदान नाही.

आमच्या दिंडोरी तालुक्याचं वैशिष्ट्य असं, की इथे धरणांची रांगच आहे. कादवा नदीवर करंजवण आणि पालखेड. कोलवण नदीवर वाघाड. उनंदा नदीवर पुणेगाव आणि ओझरखेड. पाराशरी नदीवर तिसगाव. एका तालुक्यात सहा. ओझरखेड तर नाशिकहून वणीला येताना रस्त्यावरूनच दिसतं. आणि जिथे धरण तिथे कालवा. पालखेडचा डावा कालवा निफाड ओलांडून येवल्याकडे जातो, शंभर किलोमीटरहून जास्त. पुणेगावचा डावा कालवा चांदवड-येवल्याच्या दुष्काळी पट्ट्याकडे निघतो, ज्या पाण्याची तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. ही सगळी नद्यांची पोरं शेवटी कादवेत येतात आणि कादवा नांदूर मधमेश्वरला गोदावरीला मिळते. तेच नांदूर मधमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथल्या बंधाऱ्यावरून ब्रिटिश काळात काढलेले गोदावरीचे दोन कालवे कोपरगाव-राहात्याच्या दिशेनं जातात. म्हणजे वरच्या डोंगरापासून खालच्या पक्ष्यांपर्यंत, पाण्याच्या कडेकडेनं जाणाऱ्या वाटांचं जाळं आहे. ते कोणी सायकलसाठी बांधलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाटाचा रस्ता सायकल ट्रॅक नाही. आपण तिथे पाहुणे आहोत.

कोणाचे पाहुणे, हे सांगायला मला वाघाडची गोष्ट सांगावी लागेल. १९९० च्या आसपासची स्थिती अशी होती, की कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतांना पाणी मिळायचं आणि शेपटाकडच्या, म्हणजे ओझरच्या बाजूच्या शेतांपर्यंत ते पोचायचंच नाही. तेव्हा बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं शेतकऱ्यांना एकत्र आणून ओझरला पाणीवापर संस्था सुरू केल्या. सुरुवात शेपटाकडून, जिथे त्रास होता तिथून. पाणी मोजून घ्यायचं, आपसात वाटायचं, पट्टी आपणच गोळा करायची. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हातात आलं. २००५ मध्ये राज्यानं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला, तेव्हा वाघाडचं उदाहरण सगळ्यांच्या समोर होतं. आज देशभरातून लोक ते बघायला येतात.

ही गोष्ट सायकलच्या भागात कशाला? कारण तुम्ही ज्या पाटाच्या कडेनं मजेत चालला आहात, त्यातल्या पाण्यासाठी माणसं रात्र रात्र जागलेली आहेत. पाण्याचं आवर्तन सुटलं, की आपली पाळी कधी येते याच्याकडे डोळे लावून शेतकरी चारीवर बसलेला असतो. अशा वेळी तुमची आठ जणांची टोळी वाट अडवून सेल्फी काढत उभी राहिली, आणि त्याच्या मोटारसायकलला जाता येईना, तर तो काय म्हणेल ते मी इथे म्हणू शकत नाही.

म्हणून आमच्या ग्रुपचे काही साधे नियम आहेत. ट्रॅक्टर, बैलगाडी, मोटारसायकल, कोणीही समोरून आलं तर आपण खाली उतरायचं. वाट त्यांची. गेटला, चाकाला, फळीला हात लावायचा नाही, कौतुकानंही नाही. चारीवर पाइप आडवा टाकलेला असेल तर सायकल उचलून न्यायची, पाइपवरून नाही. बाया कपडे धूत असतील तिथे फोटो काढायचा नाही, वेग कमी करायचा, 'ताई, येऊ का पलीकडे' म्हणायचं. द्राक्ष, पेरू, टोमॅटो, रस्त्याला कितीही टेकलेले असोत, तोडायचे नाहीत. मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, उलट पिशवी भरून देतात, मग ती घरी न्यायची पंचाईत. आणि जिथे 'प्रवेश बंद'चा बोर्ड किंवा फाटक असेल, धरणाच्या भिंतीवर तर हमखास असतं, तिथून मागे फिरायचं. वाद घालायचा नाही.

आता या भागातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलते. ट्रॅफिक नाही म्हणजे माणूस नाही. मुलांना हे लवकर सुचत नाही, पण आम्हा मुलींच्या डोक्यात पहिलं हेच येतं. हायवेवर ट्रकची भीती, तर आडवाटेला एकटेपणाची. एका भीतीपासून पळून दुसरीकडे जायचं का? मला मेसेज करणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींचा खरा प्रश्न हाच असतो, फक्त त्या तो 'रस्ता सेफ आहे का' एवढ्याच शब्दांत विचारतात.

माझ्या मावशीचं सांगते. मावशी शाळेत सायकलनं जायची, चार किलोमीटर. लग्न झालं आणि सायकल सुटली. कोणी 'चालवू नको' असं म्हटलं नाही. फक्त चालवायचं कारण संपलं, आणि मोठ्या रस्त्यावर नऊवारीतली सासू बघणार, गावातली माणसं बघणार. पन्नाशीला आल्यावर डॉक्टरांनी शुगर सांगितली आणि चालायला सांगितलं. गुडघे चालण्याला कुरकुर करायला लागले. तेव्हा तिच्या मुलीची शाळेची सायकल घरात तशीच पडून होती. मी म्हटलं, 'मावशी, पाटावर चल.' ती म्हणाली, 'तिकडं कोण असतं गं? काही झालं तर?'

पहिल्या दिवशी आम्ही सकाळी साडेआठला गेलो, मुद्दाम उशिरा. आणि तिथे पाहिलं तर पाट रिकामा नव्हताच. द्राक्षाच्या विरळणीचे दिवस होते. बागेबागेत बाया होत्या. सुरगाणा-पेठकडून, डांगकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या होत्या. मळ्यातल्या वस्तीवर आजी भाकरी थापत होती. दर दोन-तीनशे मीटरवर कोणी ना कोणी. फरक एवढाच, की ही सगळी माणसं चालण्याच्या वेगानं जगत होती. त्यांनी आम्हाला पाहिलं, हसल्या, एकीनं विचारलं, 'कोन्या गावच्या?' मावशीनं माहेर सांगितलं, सासर सांगितलं, ओळख निघाली. आपल्याकडे ओळख निघतेच. त्या दिवशी ती दीड किलोमीटर चालवून उतरली आणि म्हणाली, 'इथं मागून हॉर्न नाही वाजत गं.' बाकी काही नाही बोलली. आता ती आठवड्यातून चार दिवस जाते, शेजारणीला घेऊन. शुगरचं काय ते तिचे डॉक्टर बघतील, मी त्याबद्दल दावा करणार नाही. पण तिची पाटावरच्या तीन वस्त्यांवर चहापाण्याची घरं झालीत, हे मी छातीठोक सांगते.

तेव्हा माझं उत्तर असं. रिकामी वाट शोधू नका, गाड्या नसलेली पण माणसं असलेली वाट शोधा. त्यासाठी वेळ आणि हंगाम कळला पाहिजे. अंधारात, पहाटे पाचला, फक्त वेग काढायचा म्हणून पाटावर जाऊ नका. मुलींनो, तुम्ही तर नाहीच, आणि मुलांनो, तुम्हीही नाही. ऊन वर आलं, मजूर बागेत गेले, की निघा. पहिल्या तीन-चार राइड दोघी-तिघींनी करा. वस्तीवर थांबा, पाणी मागा, नाव सांगा. चौथ्या वेळी तुम्ही 'ती सायकलवाली' होता आणि तुम्ही परत आलात की नाही, हे कोणाच्या तरी लक्षात राहतं. फोनवरून लाइव्ह लोकेशन घरी पाठवा, पण धरणाच्या मागच्या बाजूला रेंज जाते, त्यामुळे 'अकरापर्यंत येते' असं तोंडी सांगूनही ठेवा.

आमच्या भागात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. सकाळी गावरस्त्यावर दोन वेण्या घातलेल्या मुलींच्या रांगा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच त्या सायकली. सायकलिंग म्हटलं की आपल्याला लाखाची कार्बनची सायकल आठवते. नाशिकला त्याचा अभिमानही आहे, आणि का नसावा? डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, साधारण ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. पण मला त्या वेण्यावाल्या मुलींचीही काळजी वाटते. बारावी झाली की त्या सायकलचं काय होतं? ती गोठ्यात भिंतीला टेकते. पाटाचा रस्ता हा त्या मुलींसाठी सायकल चालू ठेवायचं एक कारण होऊ शकतो, एवढंच माझं म्हणणं.

आता धोके. यात गोड बोलणार नाही.

पहिला धोका पाणी. भरलेला पाट शांत दिसतो, पण त्याला ओढ असते. सिमेंटचं अस्तर असेल तर कडा तिरप्या आणि शेवाळलेल्या असतात. पोहता येणारा माणूसही पडला तर वर यायला हाताला काही लागत नाही. म्हणून पाटाच्या बाजूनं कधीही ओव्हरटेक करायचं नाही, एका रांगेत चालायचं, आणि पाण्याच्या कडेपासून सायकलभर अंतर ठेवायचं. लहान मुलं बरोबर असतील तर पाट कोरडा असताना न्या. हातपाय धुवायला उतरायचं नाही. उतरायचंच असेल तर जिथे पायऱ्या आहेत तिथेच.

दुसरा धोका भराव. पाटाची कड ही मातीची असते, तिला घुशी पोखरतात. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि वस्तीत पाणी शिरलं, आठवत असेल. तेव्हा उंदीर-घुशी-खेकड्यांवर सोशल मीडियावर भरपूर विनोद झाले. पण पोखरलेला भराव हा विनोद नाही. पावसाळ्यात भरावावर चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की त्यात पाणी साचतं आणि तिथूनच माती सैल होते. म्हणून ओल्या भरावावर सायकल घालू नका. एक तर काळी माती चाकात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि दुसरं, आपण त्या शेतकऱ्याचा पाट खराब करतो. उलट कुठे गळती दिसली तर फोटो काढून पाणीवापर संस्थेला किंवा पाटकऱ्याला कळवा. पाहुण्यानं एवढं करावं.

तिसरा धोका फवारणी. द्राक्ष म्हणजे औषधं, हे इथल्या पोराला सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर तर ट्रॅक्टरचे ब्लोअर सकाळ-संध्याकाळ चालू असतात. ब्लोअरचा आवाज आला की थांबा, वारा कुठून आहे ते बघा, आणि तुषार खाली बसेपर्यंत पुढे जाऊ नका. गळ्यात रुमाल असू द्या.

चौथा धोका छोटा, पण सगळ्यांना भेटणारा. सराटा आणि बाभळीचा काटा. रोडबाइकचं बारीक टायर इथे टिकत नाही. ३५-४० मिलिमीटरचं टायर, हवा थोडी कमी, आणि बरोबर एक जादा ट्यूब, पंप, पॅच आणि सोल्युशन. बागेच्या मांडवाची तुटकी तारही पडलेली असते. पंक्चर काढता येत नसेल तर घरी दोनदा करून बघा. पाटावर पंक्चरवाला नाही.

हंगामाचं थोडक्यात. पावसाळ्यात पाट सोडा आणि डांबरी गावरस्ते धरा. डोंगर हिरवे असतात, पण पश्चिमेचा वारा असा की परत येताना पाठीवर मिळेल असा रूट आखा. दिवाळीनंतर होळीपर्यंत सगळ्यात सुंदर काळ. पाट वाहता, हवा थंड, सातमाळा स्वच्छ दिसते, एका अंगाला सप्तशृंगी-मार्कंड्या, दुसऱ्या अंगाला अचला-अहिवंत. एप्रिल-मेमध्ये आवर्तन नसेल तेव्हा पाट कोरडा, सावली कमी. दहाच्या आत घरी.

नुसत्या सपाटीनं कंटाळा आला, की गावरस्त्यांवर चढा. या भागात चढ लांब नसतात. पाचशे मीटर चढ, मग उतार, तळाशी ओढ्याची मोरी, पुन्हा चढ. इथे शिकायची गोष्ट एकच. उतारावर मिळालेला वेग मोरीजवळ ब्रेक मारून घालवावाच लागतो, कारण तिथे हमखास खड्डा, वाळू किंवा म्हैस असते. मग चढाला आधीच हलका गिअर घाला, उभं राहून झटापट करू नका. आणि हे चढ पायात मुरले, की कधीतरी नांदुरीहून गडाचा साधारण दहा किलोमीटरचा घाट करा. पण यात्रेचे दिवस आणि रविवार सोडून.

रूट शोधायचा कसा? फोनमध्ये मॅप उघडा, सॅटेलाइट चालू करा. धरणाची भिंत शोधा. तिथून डोंगराच्या अंगानं नागमोडी जाणारी रेघ दिसेल. रस्ते कोनात वळतात, पाट लाटेसारखा वळतो, त्यावरून ओळखाल. त्या रेघेला जिथे गावरस्ता आडवा जातो, तिथे पूल असतो. असे दोन पूल निवडा, साधारण पाच किलोमीटर अंतराचे. एका पुलावरून पाटाला लागा, दुसऱ्यावर उतरा, आणि परत गावरस्त्यानं या. झाली तुमची पहिली बारा-पंधरा किलोमीटरची राइड, अर्धी सपाट, अर्धी चढउताराची. मॅपवर दिसणारी प्रत्येक वाट चालू असेलच असं नाही, म्हणून पहिल्यांदा जाताना पुलावर भेटेल त्या माणसाला विचारा. 'पुढं वाट आहे का' एवढं विचारलं, की माणूस वाटेबरोबर चार गोष्टी जास्तीच्या सांगतो.

जाता जाता एक. आपल्या राज्यात आता नवीन वितरणासाठी उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालच्या बंद नलिकांवर भर आहे. त्यात पाणी वाचतं, जमीन कमी लागते, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळायची शक्यता वाढते. मी त्याच्या विरोधात नाही. सायकलसाठी पाणी वाया घालवा असं म्हणायचं तोंड मला नाही. पण जिथे पाट बुजेल, तिथे वर जी जमिनीची पट्टी उरेल, तिचं काय करायचं हे कोणीतरी ठरवणारच आहे. ती शेजारच्या बांधात विरून जाईल, की तिथून शाळेच्या मुली, मजूर बाया आणि माझ्या मावशीसारख्या बायका जात राहतील? हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. ग्रामसभेला वय वर्षं अठरा लागतं, सायकल लागत नाही. पुढच्या ग्रामसभेला जा, आणि आपल्या गावच्या पाटाच्या वाटेचं नाव विषयपत्रिकेत घालायला सांगा. पाणीवापर संस्थेच्या माणसांना बरोबर घेऊन जा, त्यांच्याविना नको.

तर मंडळी, या रविवारी दोन पूल निवडा. गेलात तर रूटचा स्क्रीनशॉट पाठवा, आणि त्याबरोबर वाटेत कोणी पाणी दिलं त्यांच्या वस्तीबद्दल दोन ओळी लिहा. चांगल्या पाच रूटवर पुढे एक भाग करू. पंक्चर झालं तर तेही कळवा, हसणार नाही.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.